बलाढ्य भूमिका आणि दुसऱ्याची जागा

यवतमाळकडील हौशी नाटकांत काय, किंवा हल्लीं तरुण मंडळी दूर बसून लेखणीनें खेळतात त्या कथाखेळांत काय, बलाढ्य पात्राविषयीं एकच गाऱ्हाणें असतें: तें इतरांस खेळूं देत नाहीं. आमच्या मतें दोष बळाचा नव्हे. ता. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडासाठीं झालेला 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग घ्या. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. मंडळ्या प्रतिस्पर्धी, गायकीची धाटणी निराळी. धैर्यधर पराक्रमी सेनापति खरा; पण त्यास दरिद्री म्हणून झिडकारण्याची मोकळीक भामिनीस नसती, तर नाटक उभेंच राहिलें नसतें. समोरच्याचें उत्तरहि आपणच ठरविणारा जिंकतो. खेळ मात्र तेथेंच संपतो. म्हणून दुसऱ्याची धाटणी मानणें हा उपकार नव्हे. ती आपल्याच भूमिकेची गरज आहे.