चालीविना पान

आमच्या भजनी मंडळाच्या वहीत अभंग असतात, चाली नसतात. ज्याला पेटी धरायची त्याने चाल कानाने उचलायची. त्यामुळे हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर खुली केलेली ‘कोडेक्स मानेसे’ चाळताना तिच्यात स्वरलेखन नाही याचं मला नवल वाटलं नाही. मी थबकलो ते चित्रांपाशी.

साधारण १३०० ते १३४० च्या दरम्यान झुरिकमध्ये तयार झालेली ही जर्मन दरबारी गीतांची पोथी. ४२६ चर्मपत्रं, १४० कवी, १३७ रंगीत चित्रं. मांडणी मानापानाची: पहिला मान सम्राट सहाव्या हाइनरिखचा, पोटासाठी दारोदार गाणारे बरेच मागे. फ्राउएनलोब या कवीच्या पानावर उंच आसनावर काठी घेतलेला कुणी बसलाय आणि खाली वादकांची ही गर्दी! सारंगीसारखं वाद्य, बासरी, ढोल. वाद्यं इतकी, पण सूर एकही लिहिलेला नाही. रायनमार फॉन त्स्वेटर डोळे मिटून बसलाय. त्याचे शब्द एकजण मेणाच्या पाटीवर आणि एक बाई चर्मपत्राच्या गुंडाळीवर उतरवून घेतेय. वाल्टर फॉन देर फोगेलवाइड दगडावर, पायावर पाय टाकून, हनुवटी तळहातावर टेकून. त्याच्याजवळून वर गेलेली पट्टी कोरी. अशा कोऱ्या पट्ट्या पोथीत जागोजागी आहेत. चित्रकाराने त्या का सोडल्या याची कारणं अभ्यासक देतील. मला ती गळ्यासाठी राखलेली जागा वाटते.

मग भक्ती कुठे असते, शब्दात की चालीत? इतकी वर्षं पेटी वाजवल्यावर मी बेधडक ‘चालीत’ म्हणालो असतो. पण याच वाल्टरचं पॅलेस्टाईनवरचं धर्मयुद्धाचं गाणं घ्या. त्याची चाल सुदैवाने म्युन्स्टरच्या एका फाटक्या हस्तलिखितात सापडली, आणि आजचे गायक ते गातात. देव माणूस होऊन जिथे चालला त्या भूमीवर आपण उभे आहोत, हा यात्रेकरूचा आनंद त्या संथ चढउतारात असा मुरलाय की मान आपोआप डोलते. शेवटाकडे तो म्हणतो की ख्रिस्ती, ज्यू आणि इतर धर्माचे, सगळेच या भूमीवर वारसाहक्क सांगतात. देवाने न्याय करावा. आणि लगेच स्वतःच निकाल देतो की हक्क आमचाच. गाताना हे कडवं आधीच्या कडव्यांच्या गोडव्यात वाहून जातं. मानेसेच्या पानावर तसं होत नाही. तिथे सूर नाही, ठेका नाही, दोन रकान्यांत शाईची अक्षरं फक्त. डोळा त्या दाव्यावर अडतो, आणि मनात येतं: न्याय मागणाऱ्याने निकालही आपणच का लिहावा?

आता आमच्या वहीतले अभंगही मी आधी पेटी मिटून वाचतो. मंडळातल्या जुन्या लोकांना हा चाळा पसंत नाही.