पाणी खाजगी, घाण सार्वजनिक

आमच्या चाळीमागं संडासाचा पाइप फुटलाय. मालक म्हणतो, तुम्ही भाडं देता केवढं, त्यात पाइप कुठनं घालू? भाडेकरू म्हणतात, चाळ मालकाची, पाइप मालकाचा. नगरपालिकेचा माणूस आला, नाकाला रुमाल लावून बघितलं अन् म्हणाला, आमची हद्द बाहेरच्या चेंबरपासून. आतलं सगळं खाजगी. गेला निघून.

पण घाण कुठं हद्द मानते? मी रात्रपाळीवरून येतो तेव्हा ते काळं पाणी भिंतीखालनं उताराला लागलेलं असतं. उताराला वस्ती कुणाची आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

तर सवाल असा की, खाजगी मालकीचं गटार दुरुस्त करायला सरकारनं मदत द्यावी का? म्हणजे तुमच्या-माझ्या पैशातनं?

माझं पहिलं उत्तर होतं, बिलकूल नाही. उतारा मालकाच्या नावावर, भाडं त्याच्या खिशात, उद्या चाळ विकली तर पैसाही त्याचाच. झोपडीतली म्हातारी साबणाची वडी घेते त्यातही सरकारचा कर असतो. तिच्या घरी संडासच नाही. तिच्या पैशानं मालकाचा पाइप का बदलायचा?

हे उत्तर मी बरेच दिवस धरून बसलो होतो. मग एका रविवारी चाळीनं वर्गणी काढली आणि एका पोराला आणलं. माझ्याच वयाचा, आपल्यातलाच. हातात बांबूच्या कामट्या आणि बादली. अंगावर फक्त चड्डी. तो चेंबरमध्ये छातीइतका उतरला. त्याला नाव कुणी विचारलं नाही. मीही नाही. वर्गणीत माझे पन्नास रुपये होते. मी समतेच्या कविता लिहितो आणि त्या दिवशी गॅलरीत उभा राहून बघत होतो.

तो जिवंत वर आला. मेला असता तर बातमी झाली असती.

२०१३ च्या कायद्यानं संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे त्या रविवारी आमची अख्खी चाळ गुन्हेगार होती. मालकासकट, माझ्यासकट.

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीला एका खाजगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या बायका कोर्टात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टानं हुकूम दिला, प्रत्येकीला १० लाख सरकारनं द्यावेत. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मरणाची भरपाई ३० लाख केली.

आता नीट बघा. टाकी खाजगी, तरी पैसा सरकारी तिजोरीतनं निघाला. निघाला कधी? माणूस मेल्यावर. मग माझा सवाल उलटा झाला. मेल्यावर तिजोरी उघडते, तर मरायच्या आधी का उघडू नये? पाइप धड असता तर त्या पोराला उतरावं लागलं नसतं.

आणि हे 'खाजगी' आपल्याला नवं नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदे मंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पैशातले पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पाणी उचललं, तेव्हा सवर्ण कोर्टात गेले. म्हणाले, तळं आमचं खाजगी! तो खटला हायकोर्टात निकाली निघायला १९३७ चा मार्च उजाडला. पाणी होतं तेव्हा ते खाजगी. तेच पाणी मैला होऊन बाहेर पडलं की सार्वजनिक, आणि उपसणारे आपण.

म्हणून आता मी म्हणतो, मदत द्या. पण दान म्हणून मालकाला देऊ नका. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या नावानं द्या. त्याला अटी घाला. ज्याच्या घरी पाइपच नाही, त्याची पाळी पहिली. गरीब घरमालकाला पुरी मदत, भाडं खाणाऱ्याला कर्ज, आणि चाळ विकली की ते आधी वसूल. आणि ज्यानं सार्वजनिक पैसा घेतला त्याला पुन्हा 'आतलं खाजगी' म्हणता येणार नाही. तपासणी आत येईल, मशीन आत येईल, माणूस उतरणार नाही.

कुणी म्हणेल, मदत येईपर्यंत काय? २०१३ चाच कायदा सांगतो, मैला हातानं काढावा लागणारे संडास मोडायचे किंवा बदलायचे. सरकार मदत देऊ शकतं, पण मदत मिळाली नाही ही सबब चालणार नाही. पाइपालाही हाच न्याय लावा. पैसा नाही म्हणून कुणी दुसऱ्याचा जीव खर्चाला टाकू शकत नाही.

आमचा पाइप अजून फुटलेलाच आहे. चाळीत पुन्हा वर्गणीची बोलणी चाललीत. या वेळी मी पैसे देईन ते मशीनच्या गाडीसाठी. पुन्हा पोरगा आणला तर चेंबरच्या झाकणावर बसून राहीन. दोस्तांनो, तुमच्या चाळीत कोण उतरतं? त्याचं नाव तरी विचारून ठेवा.