नित्य चिंतन : संतोषाचा नंबर आठवा



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२ (भक्तियोग), श्लोक १३ आणि १४.

थोडक्यात अर्थ पाहू. भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगत आहेत. तो कुणाचा द्वेष करत नाही, सगळ्यांशी त्याची मैत्री असते, तो दयाळू असतो. त्याला 'माझं माझं' नसतं, अहंकार नसतो, सुखदुःखात तो सारखाच राहतो, क्षमा करतो. तो सदा संतुष्ट असतो, योगयुक्त असतो, स्वतःला आवरलेला आणि निश्चयाचा पक्का असतो. त्याने मन आणि बुद्धी देवाला वाहिलेली असते. असा भक्त मला प्रिय, असं भगवंत म्हणतात.

आता ही लक्षणं बोटांवर मोजा. अद्वेष्टा, मैत्र, करुण, निर्मम, निरहंकार, समदुःखसुख, क्षमी. हे झाले सात. संतुष्ट हा आठवा. आज याच क्रमावर थोडं थांबू या.

आपण बहुतेक जण उलट क्रमाने जगतो. आधी मला समाधान मिळू दे, मग मी सगळ्यांशी चांगला वागेन. घराचा हप्ता एकदा फिटू दे, प्रमोशन होऊ दे, पोरांची दहावी-बारावी उरकू दे, मग आईवडिलांजवळ निवांत बसू, भावाशी वाटणीवरून धरलेला अबोला मिटवू. म्हणजे आठवा आधी आणि पहिले सात नंतर. भगवंतांनी मात्र क्रम वेगळा लावला आहे.

आयुष्यात समाधानी कोण असतो, हा प्रश्न मानसशास्त्रानेही घेतला आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास १९३८ साली सुरू झाला. त्यात २६८ विद्यार्थी होते. बोस्टनच्या गरीब वस्त्यांमधल्या ४५६ मुलांचा दुसरा गटही पुढे त्याला जोडला गेला. या माणसांची आयुष्यं दशकानुदशकं पाहिली गेली : नोकरी, लग्न, आजार, म्हातारपण, सगळं. आता त्यांच्या मुलांच्या पिढीवर काम चालू आहे. अभ्यासाचे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की पन्नाशीत जी माणसं आपल्या नात्यांमध्ये सर्वांत समाधानी होती, तीच ऐंशीत सर्वांत निरोगी निघाली. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांवरून पुढचा अंदाज चांगला आला. मैत्र आणि करुण हे शब्द यादीत इतके वर का आहेत, ते इथे कळतं.

बरं, मिळवण्याने समाधान येतं का? १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या २२ लॉटरी विजेत्यांना गाठलं. अभ्यास छोटा आहे, पण बोलका आहे. हे विजेते इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते. उलट मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झाली होती. नवं सुख आलं आणि जुन्या सुखाची चव घेऊन गेलं. आमच्या आयटीत याला लॉटरी लागत नाही. पगारवाढीचं पत्र आलं की पहिले दोन दिवस आनंद, तिसऱ्या दिवशी बाजूच्याला किती मिळाले याची चौकशी.

ज्ञानोबा माऊली याच श्लोकावर बोलताना समुद्राचा दृष्टांत देतात. पाऊस पडला नाही तरी समुद्र भरलेलाच असतो, तसा हा भक्त बाहेरच्या कशाच्या आधाराशिवाय संतोषी असतो. किती नेमकं आहे हे! तलाव पावसाची वाट बघतो. जूनमध्ये भरतो, मे महिन्यात तळ दिसतो. आपलं समाधान तलावासारखं आहे, म्हणून ते वर्षातून एकदा एप्रिलमध्ये भरतं. गीतेत 'संतुष्ट'ला 'सतत' हा शब्द जोडला आहे, तो तलावाला लागू होत नाही.

नात्यांकडे वळू. जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं नवराबायकोंचं बोलणं, भांडणं यांचं बारकाईने निरीक्षण केलं. त्यांचं म्हणणं असं की टिकणाऱ्या जोडप्यांतही भांडणं होतात, पण त्या भांडणातसुद्धा एका कडू गोष्टीमागे पाच गोड गोष्टी असतात. आणि संसार मोडण्याची सर्वांत मोठी खूण म्हणजे समोरच्याला तुच्छ लेखणं. "तुला काय कळतंय" हे वाक्य आठवा. त्यात राग थोडा असतो, 'मी वरचा' हे जास्त असतं. निरहंकार आणि क्षमी हे शब्द संतुष्टच्या आधी यायचं कारण इथे घरातच सापडतं. वर बसलेल्या माणसाला सोबत मिळत नाही, आणि सोबत नसलेल्याला समाधान कुठून मिळणार?

आणि काम? एमी झेस्निएव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की माणसं आपल्या कामाकडे तीन प्रकारे बघतात : पोटापाण्याचं साधन, वर चढायची शिडी, किंवा आपल्या वाट्याला आलेली सेवा. सेवा मानणारे जास्त समाधानी होते. गंमत म्हणजे एकाच हुद्द्यावरच्या सहायकांमध्येही तिन्ही प्रकारची माणसं जवळपास सारख्याच संख्येने सापडली. खुर्ची तीच, बघणं वेगळं. आपल्याला यासाठी फार लांब जायला नको. अरणच्या सावतोबांनी मळा सोडला नाही, मळ्यातच विठ्ठल पाहिला. गोरोबांच्या हातातली माती सुटली नाही. मन-बुद्धी अर्पण करणं म्हणजे राजीनामा देणं नव्हे.

इथे एक शंका हमखास येते. संतुष्ट झालो तर प्रगती थांबेल का? पुढचे शब्द बघा. संतुष्ट नंतर लगेच योगी, यतात्मा आणि दृढनिश्चय येतात. संतोष म्हणजे आळस असता, तर त्याच्या मागोमाग निश्चय आला नसता. पोट भरलेला माणूस नीट काम करतो, भुकेला धावपळ करतो. दोन्ही लांबून सारखेच दिसतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'संतुष्ट राहा' हा उपदेश स्वतःला करायचा असतो. ज्याची नोकरी गेली, जिला घरात मान नाही, ज्याचं पीक गारपिटीत गेलं, त्याच्यासमोर गीता उघडून संतोष शिकवणं म्हणजे यादी चुकीच्या टोकाने वाचणं. त्याच्याकडे जाताना आपल्यासाठी यादीतला तिसरा शब्द आहे : करुण. आधी त्याची अडचण दूर करायला हात लावा. त्याचा आठवा शब्द त्याचा आणि देवाचा प्रश्न आहे.

शेवटी एक भेद लक्षात ठेवू. मानसशास्त्र समाधान मोजतं आणि ते कशाने वाढतं ते शोधतं, ते उपयोगीच आहे. पण भगवंत हे श्लोक समाधानावर संपवत नाहीत, 'तो मला प्रिय' इथे संपवतात. भक्त समाधानाच्या मागे लागलेला नाही. तो देवाचा झाला आणि देवाच्या लेकरांशी नीट वागला, समाधान वाटेत भेटलं. समाधानासाठी मैत्री करायला गेलो तर तोही व्यवहारच होतो, समोरच्याला ते कळतंही.

आजचा अभ्यास : पहिल्या सातांतला एकच शब्द निवडा. ज्याच्याशी बोलणं बंद आहे अशा एका माणसाला आज फोन करा. काम काढून नको, नुसती चौकशी करा. संतोष मिळाला का, हे रात्री तपासू नका. तो आठव्या नंबरवर आहे, त्याच्या वेळेला येईल.

उद्याचं वाचन : श्लोक १५.

रामकृष्णहरि.