वीटभर जागा

सज्जनहो, आपण पंढरीच्या वाटेने चालणारी माणसे. वाटेत काय मिळते हे वारकऱ्याला सांगायला नको. गावोगावी पिठलं-भाकरी तयार असते. कोणी पाय चेपतो, कोणी तुटलेली वहाण शिवून देतो, कोणी दाढी करून देतो, आणि पैसे पुढे केले तर ‘नको माउली’ म्हणून उलट आपल्याच पाया पडतो. हे सारे आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु गळ्यात माळ नाही, खांद्यावर पताका नाही, आपली भाषाही ज्याला येत नाही, असा मनुष्य दारात उभा राहिला तर? त्याच्यातली माउली आपल्याला दिसते का? या महिन्यात हाच विचार मांडावयाचा आम्ही योजिले आहे. दृष्टांतासाठी एक दूरदेशीचा सायकलस्वार घेऊ.

इंग्लंडातल्या यॉर्कशायर परगण्यातला ॲलिस्टर हम्फ्रीज हा तरुण सन २००१ च्या ऑगस्ट महिन्यात सायकलीवर बसून घराबाहेर पडला. वय पंचविशीच्या आत. संकल्प असा की, सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा करावी आणि अनाथालयांतल्या मुलांना कुटुंबाचे घर मिळावे म्हणून झटणाऱ्या एका संस्थेला त्यातून साह्य व्हावे. निघून थोडेच दिवस झाले, तोच ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे उंच मनोरे पाडले गेले. अफगाणिस्तानकडचा योजलेला रस्ता सोडावा लागला. सारे जग एकमेकांकडे संशयाने पाहू लागले होते. अशा वेळी हा गोरा मुलगा एकटाच तुर्कस्तान, सीरिया, जॉर्डन, इजिप्त, सुदान असा मुसलमानी मुलखांतून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे निघाला. पुढे शिडाच्या नौकेतून अटलांटिक ओलांडला, दोन्ही अमेरिका पालथ्या घातल्या, सैबेरियाचा हिवाळा भोगला, आणि जपान, चीन, मध्य आशिया करीत २००५ च्या नोव्हेंबरात स्वगृही पोचला. चार वर्षे आणि वर काही महिने, साठ देश, ४६,००० मैल, म्हणजे सुमारे ७४,००० किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर ही पालखीची वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास धरली, तर जवळजवळ तीनशे वाऱ्या झाल्या की!

आता खर्चाचे पहा. एवढ्या प्रवासाला त्याच्यापाशी साठवलेले पैसे होते सुमारे सात हजार पौंड. दिवसाचे मान काढले तर पाच पौंडही पडत नाहीत. मग हा पोरगा पार पडला कसा? पायांतले बळ होते, ते खरेच. पण रात्री तंबू ठोकायला कोणाचे तरी अंगण लागते. तहान लागली की कोणाचे तरी पाणी लागते. सैबेरियात पारा शून्याखाली चाळीस अंशांवर जातो, तिथे कोणाची तरी ऊब लागते. अनोळखी माणसांच्या या चांगुलपणाचा अनुभव त्याने नंतर आवर्जून सांगितला आहे. जे बेघर मुलांना घर मिळावे म्हणून निघाले, त्याला वाटेत घरे उघडत गेली.

ज्या मुलखांतून तो गेला, त्यांची रीत थोडी पाहू. तुर्कस्तानात अवचित दारी आलेल्या पाहुण्याला ‘तान्री मिसाफिरी’ म्हणतात. अर्थ काय? देवाचा पाहुणा! सुदानात ऊन असे की जमीन भाजून निघते. तिथे रस्त्याकडेला सावलीत मातीचे मोठे रांजण भरून ठेवतात. त्याला ‘झीर’ म्हणतात. माती पाझरते, बाहेरून ओल वाळते आणि आतले पाणी गार राहते. कोणीही वाटसरूने यावे, प्यावे आणि आपल्या वाटेने जावे. आपल्या पाणपोईची ही सख्खी बहीणच नव्हे का? आपण तिला पाहिले नव्हते, एवढेच.

अतिथीला देव मानावे, ही तर आपल्या उपनिषदाची आज्ञा. शब्दाची फोड करताना पंडित दोन मार्ग दाखवतात. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, हा एक. दुसरा असा की, ‘अत्’ धातूचा अर्थ सतत जाणे. जो सतत चालत असतो तो अतिथी. आम्हाला हा दुसरा अर्थ फार गोड वाटतो. त्यात वारकरी बसतो आणि सायकलवालाही बसतो. चालत्या माणसाची जात, भाषा, देश सारे मागे पडते. उरते काय? तहान, भूक आणि थकवा. त्या तिन्हींना सोवळेओवळे नाही.

आणि सज्जनहो, आपला देव तरी कोण? परब्रह्म वैकुंठ सोडून पुंडलिकाच्या दारी आले, ते न बोलावता, न कळवता. म्हणजे आपला विठोबाच मुळात अतिथी! पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता. तो उठला नाही. पण ‘चालता हो’ असेही म्हणाला नाही. हाताशी वीट होती, ती त्याने पुढे सरकवली. एवढ्याशा जागेवर देव जो उभा राहिला, तो अजून हललेला नाही. पुंडलिकाने राजवाडा दिला असता, तर देव कदाचित चार दिवस राहून गेला असता. विटेवर मात्र तो गुंतला. का? हाताशी होते ते दिले, आणि हातचे कर्तव्य न सोडता दिले. त्या सायकलस्वाराला वाटेवरच्या लोकांनी काय दिले? घोटभर पाणी, अंगणाचा कोपरा, रात्रीपुरता निवारा. या साऱ्या विटाच.

कोणी म्हणेल, “महाराज, काळ कसा आला आहे! दारी आलेला भामटा निघाला तर?” शंका रास्त आहे. पण पुंडलिकाने देवालाही माजघरात नेले नाही हो! वीट दिली ती बाहेर. ओसरी द्या, पाणी द्या, भाकरी द्या. तिजोरीची किल्ली द्या असे कोणते शास्त्र सांगते? विवेक सोडू नये, आणि विवेकाच्या नावाखाली दारही लावून घेऊ नये. दारात उभा आहे त्यालाही भीती असते, हे ध्यानी धरावे. परक्या गावात, अंधार पडताना, अनोळखी कडी वाजवायला छाती लागते.

घेण्यालाही मोल आहे. १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघे अण्वस्त्रांविरुद्ध शांतियात्रेला दिल्लीहून पायी निघाले. विनोबांनी त्यांना सांगितले, सोबत पैसा घेऊ नका. पैसा असला की माणूस खाणावळ शोधतो आणि भाडे देऊन झोपतो. नसला की त्याला माणसाचे दार गाठावे लागते, आणि मग बोलणे होते, ओळख होते. ते दोघे मॉस्को, पॅरिस, लंडन करीत वॉशिंग्टनपर्यंत पोचले. मागणाऱ्याने अहंकार खाली ठेवला आणि देणाऱ्याने संशय खाली ठेवला, म्हणजे उंबरठ्यावर तीर्थ होते.

आता दूरचा दृष्टांत पुरे. आपल्या घरचे बोलू. सन २०२० च्या टाळेबंदीत वारी पायी निघाली नाही; संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. आपल्या डोळ्यांना धारा लागल्या. पण त्याच वर्षी रस्त्यांवर दुसरी वारी चालली होती. हातावर पोट असलेले मजूर पायी आणि सायकलींवरून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडे निघाले होते. एका पंधरा वर्षांच्या मुलीने जखमी बापाला मागे बसवून दिल्लीजवळच्या गुरुग्रामहून बिहारात दरभंग्याला, सुमारे १,२०० किलोमीटर नेले. ना पताका, ना टाळ, पण पितृसेवा तीच, पुंडलिकाची! त्या दिवसांत महामार्गांवर कित्येकांनी चुली मांडून या लोकांना जेवू घातले. आणि कित्येक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. रोगाची भीती खोटी नव्हती. अंतर ठेवणे भागच होते. परंतु फांदीच्या अलीकडे पाण्याची एक घागर ठेवायला कोणाची मनाई होती? जिथे घागर ठेवली गेली, तिथे वीट सरकवली गेली. जिथे नुसतीच फांदी पडली, तिथून कोण परत गेला असेल, याचा विचार ज्याने त्याने आपल्याशी करावा.

म्हणून वारकरी बंधुभगिनींनो, एक नेम धरा. आपल्या घराबाहेर, शेताच्या बांधाशी, दुकानाच्या पायरीपाशी पाण्याचा एक माठ भरून ठेवा. शेजारी सायकलीत हवा भरायचा पंप ठेवता आला तर उत्तमच. कोणी अनोळखी थांबला, तर आधी ‘बसा’ म्हणा, मग ‘कुठले?’ विचारा. हा क्रम उलटू देऊ नका. आषाढीला आपण देवाच्या दारी जातो. बाकीचे दिवस तो आपल्या दारी येत असतो, कधी पायी, कधी सायकलीवर. त्याला फार काही लागत नाही. वीटभर जागा पुरते.

रामकृष्णहरी!