पिठले कोणाच्या हक्काचे?

सिंहगडावर भेटलेला पुणेकर तुमचे नाव, गाव, आडनाव काही विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न एकच असतो, "चालत की गाडीने?" तुम्ही 'चालत' म्हणालात तर तो थोडा सरकून तुम्हाला जागा देतो. 'गाडीने' म्हणालात तरी जागा देतोच. पण अशा चेहऱ्याने देतो, की आमंत्रण नसताना आपण पहिल्या पंगतीला येऊन बसलो आहोत, असे वाटावे.

वरवर पाहता हा प्रश्न पायांचा आहे. पण मला विचाराल तर तो शुद्ध नीतिशास्त्राचा आहे. गडावरच्या पिठल्या-भाकरीवर खरा हक्क कोणाचा? जो घाम गाळून वर आला त्याचा, की पैसे मोजून समोर बसला त्याचाही?

या विषयातले आमच्या घरातले अधिकृत भाष्यकार म्हणजे माझे मेहुणे, सौ.चे थोरले बंधू. गेली कित्येक वर्षे दर रविवारी ते आतकरवाडीच्या वाटेने गड चढतात. गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे तेराशे मीटर. त्यातले पायथ्यापासूनचे सहाशेएक मीटर तरी आपल्या पायांनी तोडावे लागतात. हे अंतर मेहुणे किती मिनिटांत तोडतात, ते गडावरच्या दगडांनाही आता पाठ झाले असेल. त्यांचा सिद्धांत असा, की भूक ही कमवावी लागते. "भाऊजी, गाडीतून येऊन पिठलं खाणं म्हणजे अभ्यास न करता पेढे वाटणं!" ते मला म्हणतात. मी गाडीने येतो हे सांगायला नकोच.

सिद्धांत ऐकायला भारदस्त आहे. पण कोणताही सिद्धांत थोडा ताणून पाहिल्याशिवाय घेऊ नये, असे माझे मत आहे. कापडसुद्धा आपण ताणूनच घेतो. चढण्याच्या कष्टावरच पिठल्याचा हक्क ठरायचा असेल, तर ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांबरोबर जे मावळे वर आले त्यांच्यापुढे मेहुण्यांचे काय? ते वाटेने आले नव्हते, सरळ कडा चढून आले होते. आणि वर त्यांच्यासाठी कांदाभजी नव्हे, तलवारी तयार होत्या. त्यांच्या हिशेबाने आतकरवाडीची मळलेली वाट म्हणजे आगगाडीचा पहिला वर्गच. इतिहासकार मानत नाहीत ती पोवाड्यातली घोरपड खरी धरली, तर पहिल्या भाकरीचा मान तिचा! बरे, लोकमान्यांचा गडावर बंगला आहे. १९१५ साली तिथे टिळक आणि गांधींची भेट झाली, असे सांगतात. त्या बंगल्यासमोर आपण हात जोडून उभे राहतो. 'दोघे कसे आले होते हो, चालत की कसे?' असे काही कोणी विचारत नाही.

हा सगळा युक्तिवाद मी मेहुण्यांना ऐकवला. ते म्हणाले, "तुम्ही एकदा चढून या, मग बोलू." चढणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात हीच अडचण आहे. त्याचा शेवटचा मुद्दा नेहमी पायथ्याशी असतो.

मागच्या हिवाळ्यात या वादात एक नवीन पक्षकार आला. आमच्या सासूबाई. वय पंचाहत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. एका रविवारी सकाळी म्हणाल्या, "मला एकदा गड दाखवा बाई." लग्न होऊन पुण्यात आल्यापासून त्यांनी तो गच्चीवरून पाहिला होता. सिंहगड तसा गच्चीवरून छान दिसतो. आम्ही त्यांना गाडीत घालून, डोणज्यावरून, घाटाची वळणे घेत वर आणले. मेहुणे अर्थात चालत येऊन आमच्या आधीच टॉवेलने मान पुसत बसलेले.

पुणे दरवाज्याच्या पायऱ्या सासूबाई बसत-उठत चढल्या. वर आल्यावर खडकवासल्याचे पाणी पाहून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सावलीत घोंगडीवर बसलो. पिठले आले, भाकरी आली, ठेचा आला, कांदा आला. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"कशी आहे चव?" मेहुण्यांनी परीक्षकाच्या आवाजात विचारले.

"आयतं आहे रे," त्या म्हणाल्या, "आयत्याला चव असतेच."

पुढचे त्या पिठले कालवता कालवता सहज बोलल्या. आधी मामंजी गडावर जायचे, मग त्यांचे यजमान, मग मुलगा. गडावर जायचे म्हणजे पहाटे चारला दशम्या आणि बटाट्याची भाजी. ती मंडळी दुपारी दमून यायची, म्हणजे दुपारी गरम जेवण. "रविवार असा जायचा," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती. वारांचे काय काय असते ते सांगावे, तसे सांगितले. मेहुण्यांचा घास हातातच राहिला. या घरातल्या तीन पिढ्यांची गडावरची भूक खाली कोण पुरवत होते, हा हिशेब त्यांच्या सिद्धांतात कुठेच धरलेला नव्हता.

इतक्यात दहीवाली आली. मातीची छोटी मडकी भरलेली पाटी तिने डोक्यावरून उतरवली. मेहुण्यांनी भाव विचारला आणि सवयीने म्हणाले, "एवढे? खाली यापेक्षा कमीत मिळतं."

"मिळतं की," ती म्हणाली.

मेहुण्यांनी मग आपली पायी चढण्याची वेळ सांगून पाहिली. पायी येणाऱ्याला काही सवलत असावी, असा त्यांचा समज असावा. ती खरेच आश्चर्याने म्हणाली, "येवढी कसली घाई व्हती, दादा?"

गंमत पाहा. स्वतःच्या चढण्याचा हिशेब मिनिटांत ठेवणारा माणूस दह्याचा भाव ठरवताना तिचे चढणे शून्य धरतो. आपल्या घामाला आपण पराक्रम म्हणतो आणि तिच्या घामाला महागाई. मेहुण्यांचा सिद्धांत खरा धरायचा तर गडावरचे सगळे पिठले तिच्याच हक्काचे. पण ती आपली फडक्यातली भाकरी सोडून मागे झाडाखाली बसते, आणि तुम्ही चालत आलात की गाडीने, हे विचारत नाही. मला वाटते, कष्टावरून हक्क मोजण्याची हौस ज्यांना कष्ट ऐच्छिक असतात त्यांनाच असते. बाकीच्यांना मोजायला वेळ नसतो.

सासूबाईंनी कनवटीची नोट काढली, चार मडकी घेतली आणि भाव काही केला नाही. "एवढं वर आणलंय तिनं," इतकेच म्हणाल्या. दही झकास होते.

उतरताना मात्र मेहुणे आमच्या गाडीत बसले. उतरताना गुडघ्यांवर फार ताण येतो, असे डॉक्टर म्हणतात म्हणे. आणि त्यांच्या सिद्धांतात उतरण्याबद्दल काही नियम नाही. सासूबाईंनी सरकून त्यांना खिडकीजवळ जागा दिली.