दोन देशांची तुलना आणि आत्मौपम्य

अमुक देश पुढे गेला, तमुक देश मागे राहिला, अशी भाषा आज घरोघर ऐकू येते. तिच्यातून कधी गर्व उत्पन्न होतो, तर कधी न्यूनगंड. सोळाव्या अध्यायात आपल्या धनाचा व कुळाचा अभिमान धरून इतरांस तुच्छ लेखणे हे आसुरी संपत्तीचे लक्षण सांगितले आहे. मग दोन राष्ट्रांच्या जीवनमानाची तुलना करणे धर्म्य आहे काय? उदाहरणासाठी आपण भारत व श्रीलंका हे दोन शेजारी देश घेऊ.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमातर्फे इ. स. १९९० पासून मानवी विकासाचा अहवाल निघतो. महबूब उल हक यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला व अमर्त्य सेन यांनी त्यास साह्य केले. केवळ द्रव्य न मोजता आयुर्मान, विद्या व उत्पन्न या तिन्हींचा त्यात एकत्र विचार होतो. २०२५ च्या अहवालात २०२३ या वर्षाचा भारताचा अंक ०.६८५, तर श्रीलंकेचा ०.७७६ आहे. भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे ७२ वर्षे, तर श्रीलंकेतील ७७ वर्षांहून अधिक आहे.

हे अंतर आकस्मिक नाही. श्रीलंकेत १९२६ साली कळुतरा येथे पहिले आरोग्य केंद्र स्थापन झाले. १९३१ मध्ये स्त्रीपुरुष सर्वांस मताधिकार मिळाला आणि १९४५ मध्ये कन्नंगरा यांच्या प्रयत्नाने प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण विनामूल्य झाले. शासनाने शिकवून तयार केलेली सुईण खेडोपाडी गर्भिणीच्या दाराशी जाऊ लागली. २०१८-२० या काळात भारतात दर लाख जन्मांमागे ९७ माता दगावल्या. श्रीलंकेतील प्रमाण त्याच्या सुमारे एकतृतीयांश आहे.

येथे शंका येते की, १४० कोटींहून अधिक लोकांच्या देशाची सव्वादोन कोटींच्या आसपास वस्ती असलेल्या बेटाशी तुलना न्याय्य कशी? शंका रास्त आहे. परंतु आपल्याच केरळात आयुर्मान श्रीलंकेच्या जवळपास पोहोचले आहे. म्हणजे जे साधते ते या भूमीतही साधते. तेव्हा विस्ताराचे कारण पुढे करून सुटका होत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताचा योगक्षेम स्वतः वाहण्याचे आश्वासन दिले आहे. भाष्यकार या सामासिक शब्दाची फोड करतात: जे मिळाले नाही ते मिळवणे हा योग, आणि जे मिळाले ते राखणे हा क्षेम. राष्ट्राच्या संसारालाही ही फोड लागू पडते. श्रीलंकेने विद्या व आरोग्य मिळवले आणि १९८३ ते २००९ या यादवीच्या काळातही बव्हंशी राखले. पण कोश राखला नाही. २०२२ मध्ये परकीय चलन संपले, इंधनासाठी लोक रात्रंदिवस रांगेत उभे राहिले, रुग्णालयांत औषधांचा तुटवडा पडला. त्या वर्षी भारताने सुमारे ४०० कोटी डॉलरांचे साह्य दिले. ज्याचा अंक खाली, त्याने वरच्या अंकाच्या शेजाऱ्यास हात दिला. एकाच अंकावरून थोरवी ठरवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणेल, आयुष्य लांबले म्हणून मनुष्य सुखी झाला काय? देहाच्या हिशोबाशी आत्मज्ञानाच्या वाचकास काय कर्तव्य? या आक्षेपात अर्धे सत्य आहे. ज्या श्रीलंकेत लोक दीर्घायुषी झाले, तेथेच १९९५ च्या सुमारास आत्महत्येचे प्रमाण जगातील अत्युच्च प्रमाणांपैकी एक होते. साक्षरता व औषधोपचार यांनी मनाचा दाह शमत नाही, हे यावरून दिसते. परंतु पुढची गोष्टही ऐकावी. शेतीतील अतिविषारी कीटकनाशकांवर शासनाने टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि ते प्रमाण पुष्कळच खाली आले. क्षणिक आवेगात विष हाताशी नसल्याने असंख्य माणसे वाचली. बाहेरच्या व्यवस्थेने अंतरीची शांती मिळत नाही. पण ती मिळवण्यास जो जीव उरावा लागतो, तो पुष्कळदा बाहेरची व्यवस्थाच वाचवते. म्हणून देहाची चिंता क्षुद्र मानणे हे वैराग्य नव्हे. विशेषतः ती चिंता दुसऱ्याच्या देहाची असेल, तर तिला क्षुद्र म्हणणे ही निष्ठुरता होय.

मूळ प्रश्नाचे उत्तर सहाव्या अध्यायात आहे. तेथे ‘आत्मौपम्य’ हा शब्द येतो. ‘उपमा’ या शब्दावरून ‘औपम्य’ झाले. म्हणजे ही तुलनाच आहे. पण या तुलनेत दुसऱ्यास खाली ठेवून स्वतः वर चढायचे नसते. स्वतःस जसे सुख प्रिय व दुःख अप्रिय, तसेच ते सर्वांस, असे पाहणारा तो परम योगी. ध्यानाच्या अध्यायात हे सांगितले आहे हे विशेष! डोळे मिटून बसणाऱ्याकडूनही शेजाऱ्याच्या दुःखाचे माप अपेक्षिले आहे.

तात्पर्य, श्रीलंकेतील माता प्रसूतीतून सुखरूप उठते हे वाचून ज्याला लाज वा मत्सर वाटला, त्याने आसुरी तुलना केली. ‘आमच्या माताही तशाच उठाव्यात’ असे ज्याला वाटले, त्याची तुलना आत्मौपम्याची. ही दृष्टी गृहस्थाने प्रथम आपल्या घरी आणावी. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईची सून गरोदर असेल, तर तिची वेळेवर तपासणी झाली का, हे विचारावे. तिच्या मुलीची शाळा मध्येच सुटत असेल, तर ती सुटू देऊ नये. राष्ट्राचा अंक अशा कोट्यवधी घरांच्या बेरजेनेच बनतो, आणि त्या बेरजेत आपल्या घराचा आकडा आपल्याच हाती आहे.