झाड कोणाचे?

साठी उलटेपर्यंत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. अंगणातले झाड घरमालकाचे, रस्त्यावरचे सरकारचे आणि रानातले देवाचे, अशी वाटणी मनाशी पक्की होती. चार वर्षांपूर्वी आमच्या भागातील काही मंडळींनी पुण्याच्या पश्चिमेकडील एका टेकडीवर झाडे लावून ती जगवायचे ठरवले. मीही त्यांना जाऊन मिळालो, आणि तिथे ही वाटणी मोडली.

झाडे लावण्याचा उत्साह आपल्याकडे नवा नाही. १९५० साली केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. २०१९ साली तर महाराष्ट्र शासनाने एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. लावण्याच्या दिवशी माणसांना तोटा नसतो. पण लावणे हे एका सकाळचे काम आहे आणि जगवणे दोन-तीन उन्हाळ्यांचे. टेकडीवर माती वीतभर, खाली सगळा मुरूम. दिवाळी सरली की गवत पिवळे पडते, माती उलू लागते, आणि तेव्हापासून मृगाच्या पावसापर्यंत त्या कोवळ्या रोपाला माणसावाचून दुसरा आधार नसतो.

म्हणून आम्ही प्रत्येकाने पाच-पाच रोपे वाटून घेतली. पाच लिटरचे दोन कॅन हातात धरून मी चढण चढत असे. माझ्या वाट्याला दोन करंज, दोन कडुलिंब आणि एक बहावा आला होता. आळे करणे, वर पालापाचोळा पसरणे, आधाराची काठी रोवणे, यात मी इतका रमलो की बहाव्याला नवे पान फुटले तर घरी येऊन ती बातमी सांगत असे.

पहिल्या एप्रिलात माझ्या करंजाशेजारचा कांचन कोमेजू लागला. त्याचे पालक यायचे थांबले होते. मी रोज त्याच्यावरून जात होतो. माझ्या पाचांचे पाणी थोडे थोडे कमी केले असते, तर त्याच्यापुरते सहज निघाले असते. पण मनाने तर्क लढवला : ज्याने त्याने आपापले पाहावे, तरच सगळ्यांचे निभेल, आज याला पाणी घातले तर उद्या सगळेच अंग काढून घेतील. तर्क वाईट नव्हता. पंधरा दिवसांत कांचन वाळला.

पुढच्या वर्षी ऐन मे महिन्यात माझा गुडघा दुखावला आणि तीन आठवडे मी अंथरुणावर होतो. पुन्हा वर गेलो तो काड्या पाहायच्या तयारीनेच. पाचही आळी ओली होती. मी चौकशी केली. कोणी कबूल होईना. ‘घातले असेल कोणीतरी’ एवढेच उत्तर मिळाले. त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण नजर सारखी त्या कांचनाच्या रिकाम्या खड्ड्याकडे जात होती.

तेव्हापासून मनात एक विचार घोळतो आहे. हे ‘माझे’पण दोष म्हणावा काय? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात रयतेच्या आंबा-फणसाला परस्पर हात लावू नये, असे बजावले आहे. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. कोणाचे तरी लेकरू झाल्यावाचून रोप जगत नाही, हे खरेच आहे. ‘सर्वांचे’ म्हणून लावलेले झाड मे महिन्यात कोणाचेच नसते.

उलट सह्याद्रीतल्या देवराया पाहाव्यात. तिथे झाड देवाचे. माणसाने त्यावर हक्क सांगायचा नाही, म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. म्हणजे बाळपणी झाडाला कोणाचे तरी ‘माझे’ हवे, आणि मोठेपणी कोणीच ‘माझे’ म्हणायला नको. हे दोन्ही एकाच माणसाला कसे साधावे?

कर्नाटकातील सालुमरद तिम्मक्का यांना ते साधले होते. पोटी मूल नव्हते. या नवराबायकोने हुलिकल-कुदूर रस्त्याच्या कडेला वडाची झाडे लावली, डोक्यावरून पाणी वाहून ती वाढवली. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, २०२५ साली त्या वारल्या. प्रेम आईचे, आणि सावली रस्त्याने जाणाऱ्या कोणाही अनोळख्याला. आपल्यासारख्यांना हे एकट्याने जमत नाही, म्हणूनच चारचौघांत मिसळून ते शिकायचे असते, असे मला वाटते.

त्या खड्ड्यात मी यंदा पुन्हा कांचन लावला आहे. तो माझ्या पाचांत नाही. भाऊबीज झाली की पाण्याची पाळी सुरू होईल. दिवाळीला आलेल्या धाकट्या नातवाने बरोबर यायचा हट्ट धरला आहे. वर पोचताच तो विचारील, ‘आजोबा, आपले झाड कोणते?’ पहिल्या दिवशी एखादे बोटाने दाखवावेच लागेल. पुढचे तो हळूहळू शिकेल. मला तर साठ वर्षे लागली.